उशाकडची जागा

दूध उतू जायला लागल्याचा वास आला म्हणून मी उठले. गॅस बंद केला, ओटा पुसला आणि परत येऊन बघते तर माझ्या स्टुलावर अक्का बसल्या होत्या.

नुसत्या बसल्या नव्हत्या. यांच्या कपाळावरून हात फिरवत, कानाशी वाकून काहीतरी कुजबुजत होत्या. आणि गेले कित्येक दिवस चेहऱ्यावरची रेघ न हलवणारे आमचे हे चक्क हसत होते.

"अक्का, चहा आत ठेवलाय तुमचा," मी म्हटलं.

"इथंच आण की," माझ्याकडे न बघताच त्या म्हणाल्या.

मी आणून दिला. त्यांनी तो तिथंच बसून बशीत ओतून प्यायला, रिकामी कपबशी माझ्या हातात ठेवली आणि पुन्हा यांच्याकडे वळल्या. मी कपबशी घेऊन दारात उभी. बसायला दुसरं काही नव्हतं असं नाही, खुर्ची होती. पण ती पायथ्याशी होती.

त्या दिवसापासून उशाकडची जागा त्यांची झाली आणि पायथ्याची माझी.

अक्का म्हणजे यांची थोरली बहीण, नीलव्वा. आदल्या संध्याकाळीच धारवाडहून आल्या होत्या. नवरा फार लवकर गेलेला, मूलबाळ नाही, भावावर जीव. त्यांना बोलावलं ते आमच्या विरेशनं, पुण्याहून फोन करून, मला न विचारता. "आई, बाबांची कूस बदलायची तर तुला एकटीला जमत नाही. आत्या येतील मदतीला," म्हणाला. खरं होतं ते. यांच्या पोटातली गाठ यकृतात पसरली होती. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, "आता सुया टोचून हाल करण्यात अर्थ नाही. घरी न्या. दुखणार नाही एवढं आपण बघू." कऱ्हाडातलं मोटर रिवाइंडिंगचं दुकान बंद करून यांना मी घरी घेऊन बसले होते. आसपासच्या उसाच्या पट्ट्यात विहिरीवरचा पंप जळाला की शेतकरी गुरुपाद हंचनाळेंचं दुकान विचारत यायचा. तो माणूस आता पाणी गिळायलाही वेळ लावत होता. मदत हवीच होती. पण मदत म्हणजे अक्का, हे माझ्या मनात नव्हतं.

आम्ही दोघंही लिंगायत. पण माझं माहेर वाईचं, बोलणं मराठी. सासर धारवाडचं, तिथं सगळा व्यवहार कानडीत. लग्न होऊन गेले तेव्हा मला कानडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. सासूबाई आणि अक्का चुलीपुढे बसून बोलायच्या, बोलता बोलता माझ्याकडे बघून हसायच्या. मी घागर उचलून विहिरीवर जायचे आणि तिथं रडून घ्यायचे. वर्षाच्या आत यांनी कऱ्हाडला बिऱ्हाड केलं. त्यानंतर आमच्या घरात कानडीचा शब्द उच्चारला गेला नाही. धारवाडहून पत्र आलं तरी हे मनात वाचायचे आणि मजकूर मराठीत सांगायचे. मीही 'नीरु' म्हणजे पाणी, 'ऊटा' म्हणजे जेवण, 'एल्ली' म्हणजे कुठे, एवढ्यावरच थांबले. शिकायची गरजच काय? माणूस तर मी पुरता माझा करून घेतला होता.

आणि आता शेवटच्या दिवसांत त्यांची मराठी जायला लागली.

आधी एखादा शब्द अडायचा. मग वाक्यात मध्येच कानडी यायची. अक्का आल्या त्या आठवड्यात तर मराठी पार पुसल्यासारखी झाली. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "लिव्हर काम करेनासं झालं की डोक्यात गोंधळ होतो, आजी. अशा वेळी माणूस कधीकधी लहानपणच्या भाषेत परत जातो. मागून शिकलेलं आधी जातं."

मागून शिकलेलं आधी जातं. मीही मागूनच आलेली.

अक्कांची मराठी मोडकी होती, पण यांच्याशी त्यांना मराठीची गरजच नव्हती. दिवसभर दोघांचं काहीतरी चालायचं. हे तुटक, जड जिभेनं चार शब्द बोलायचे, अक्का उत्तर द्यायच्या. मी विचारायचे, "काय म्हणाले?"

"काही नाही गं. असंच."

"असंच म्हणजे?"

"जुनं काहीतरी. तुला काय कळणार त्यातलं?"

मी तांदळाची पेज करायचे, जिरं घालून, यांना आवडते तशी. दोन चमचे झाले की ओठ मिटायचे. अक्कांनी ज्वारीची अंबील केली, ताक घालून. ती वाटीभर गेली. अक्का स्वयंपाकघरात येऊन रिकामी वाटी ओट्यावर ठेवायच्या, मला दिसेल अशी. "सगळी घेतला," म्हणायच्या. त्यांचं मराठीतलं लिंग-वचन कायमच घसरलेलं असायचं, पण त्या दिवसांत मला ती चूकसुद्धा ऐटीची वाटायची.

शेजारच्या बायका बघायला यायच्या. खोलीत डोकावून परत फिरताना मला म्हणायच्या, "बहिणीची माया बघा हो. ह्या वयात काय करतायत!" मी चादरी धूत असायचे. हगल्या-मुतल्या चादरी मी धुवायच्या आणि माया त्यांची दिसायची.

पण या सगळ्याहून मला काय लागत होतं ते वेगळंच होतं. अक्का अंघोळीला गेल्या की तेवढा वेळ मी उशाशी बसायचे. मी बसले की हे गप्प. एक शब्द नाही. डोळे अर्धे मिटून माझ्या पदराचं टोक बोटांत धरून पडून राहायचे. मी म्हणायचे, "पाणी हवंय? कूस बदलू?" उत्तर नाही. आणि अक्का परत आल्या, मी उठून स्वयंपाकघरात गेले, की पाठोपाठ यांचा आवाज यायचा, "अकी... अकी एल्ली?"

अक्का, कुठंयस. एवढं कानडी मला येत होतं. जीभ जड झालेली, त्यामुळे 'अक्का'चं 'अकी' व्हायचं. आणि अक्का लगेच म्हणायच्या, "इल्ले अदाळ, इल्ले अदाळ." इथंच आहे, इथंच आहे.

भाकरी थापताना मला ते ऐकू यायचं. मी पाठ फिरवली रे फिरवली की यांना बहीण हवी. जन्मभर मी ताट वाढलं, पोर वाढवलं, वार्निशनं माखलेले कपडे घासले. माझ्यापाशी बोलायला यांच्याकडे एक शब्द उरला नव्हता. एकदा माझा हात तव्याला लागला. तोंडातून आवाज काढला नाही मी. काढला असता तर कोण आलं असतं?

मग एका दुपारी अक्का मठात निघाल्या. "विभूती संपली. स्वामींकडून आणते. तासाभरात येते," म्हणाल्या.

त्या कोपऱ्यावरून वळल्या आणि मी दाराला आतून कडी घातली.

स्टुलावर जाऊन बसले. यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, पदर चाचपला, धरला आणि पुन्हा डोळे मिटले.

"बोला की माझ्याशी," मी म्हटलं. "आता अक्का नाहीत. कानडीत बोला, मला न का कळेना. पण बोला."

हे गप्प.

"त्यांच्याशी तर दिवसभर बोलता. मी एवढी वाईट वागले का हो तुमच्याशी?"

पदर थोडा ओढल्यासारखा झाला, एवढंच. श्वास संथ चालला होता. कपाळावर आठी नव्हती, कण्हणं नव्हतं. मी तशीच बसून राहिले आणि डोळ्यांतलं पाणी पुसायलाही हात हलवला नाही, कारण हलवला असता तर पदर सुटला असता.

कडी वाजली. मी उठले नाही. पुन्हा वाजली.

"गिरिजा! अगं, कडी का घातलीस? काय झालं? त्याला काय झालं?" बाहेरून अक्कांचा आवाज चढला. शेजारी जमा व्हायला नकोत म्हणून मी पदर हळूच सोडवून घेतला आणि दाराकडे गेले. कडीला हात लावते न लावते तोच मागून आवाज आला.

"अकी! अकी एल्ली?"

मी दार सताड उघडलं.

"घ्या," मी म्हटलं. "बोलावतायत. या, बसा. माझ्याजवळ तासभर मुक्यासारखे पडून होते, तुमची चाहूल लागली आणि लगेच अक्का, अक्का!"

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. हातात विभूतीची पुडी, पायांत चपला तशाच.

"कुणाला बोलावतोय म्हणालीस?"

"तुम्हाला. आणखी कुणाला?"

"अक्का म्हणतोय तो? कान फुटले काय तुझे? अकी म्हणतोय. अकी!"

"तेच ते."

"तेच ते नव्हं!" त्या एवढ्या जोरात ओरडल्या की पुडी हातातून पडली. "अक्का म्हणजे मी. अकी म्हणजे ती. ती कुठाय, म्हणून विचारतोय. तू उठून गेलीस की विचारतोय. नाव कोण घेतंय बायकोचं? तू नाही का 'हे, हे' करतेस? तसंच त्याचं. अकी."

मी कडीला धरून उभी राहिले.

"मला तर त्यानं ओळखलंच नाही," अक्का म्हणाल्या. आता आवाज खाली आला होता. त्या उंबऱ्यावरच बसल्या. "आल्या दिवसापासून मला अव्वा म्हणतोय. आमची आई. तिला कामं असायची, म्हणून मी कडेवर घेऊन वाढवलेला पोर तो. खेळायला गेले तरी कडेवर हाच. वाटलं, एकदा तरी अक्का म्हणेल. नाही! अव्वा, ती कुठाय? अव्वा, तिला पाणी शेंदायला पाठवू नको, तिचे हात सोलतात. अव्वा, तिच्यासमोर कानडी बोलू नका, ती विहिरीवर जाऊन रडते. सकाळपासून रात्रीपर्यंत तुझंच ऐकायचं. आणि वर ते तुला मराठीत समजावून सांगायचं काय मी? का म्हणून सांगू?"

"आणि तुम्ही काय उत्तर द्यायचात?"

"काय देणार? इल्ले अदाळ. ती इथंच आहे, म्हणायची. आईसारखा आवाज काढून."

आतून पुन्हा हाक आली. मी आत गेले. स्टुलावर बसले आणि म्हटलं, "आले मी." यांचा हात पदर शोधत आला. मग सगळं शांत.

इतके दिवस ती शांतता मला खायला उठत होती. त्या दुपारी तिच्यात मी किती वेळ बसले होते कुणास ठाऊक. विहिरीवर रडते हे यांना माहीत होतं. तेव्हाही माहीत होतं. धारवाड का सोडलं, घरात कानडी का बंद केली, हे मी कधी विचारलं नव्हतं आणि त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. मला एवढं हलकं वाटलं, की हा माणूस मरायला टेकलाय याचाही थोडा वेळ विसर पडला. मग मान वळवली तर अक्का अजून उंबऱ्यावरच होत्या. जमिनीवर सांडलेली विभूती बोटानं गोळा करत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पायथ्याची खुर्ची उचलली आणि पलंगाच्या पलीकडच्या अंगाला, उशाशीच मांडली. मी स्टुलावरून उठले नाही आणि त्यांनी उठ म्हटलं नाही. आता मी विचारलं की त्या सांगायच्या, पण सांगताना तोंड असं करायच्या की जणू कडू काढा पाजलाय.

"काय म्हणाले?"

"विहिरीवर जाऊ नको म्हणतोय. शेवाळ झालंय."

"आणखी?"

"आणखी काय असतंय? बायकोचा गुलाम."

एकदा मी म्हटलं, "अक्का, 'मी इथंच आहे' कसं म्हणायचं?"

"तुला कशाला?"

"सांगा ना."

मग म्हणाल्या, "ना इल्ले इद्दीनि."

मी चार-पाच वेळा पुटपुटून बघितलं. मग यांच्या कानाशी वाकून म्हटलं, "ना इल्ले इद्दीनि."

यांनी डोळे उघडले. माझ्याकडे नीट बघितलं. आणि स्वच्छ मराठीत म्हणाले, "असं काय बोलतेस?"

आधी अक्का हसल्या. मग मी. हेही हसल्यासारखे झाले. ते शेवटचं बोलणं. मराठीत.

त्यानंतर श्वासाची तऱ्हा बदलली. एक घ्यायचे, मग एवढा वेळ जायचा की आम्ही दोघी पुढे वाकायचो. मग पुन्हा एक. डॉक्टर येऊन बघून गेले. "त्रास नाही त्यांना. जवळ बसा, हात धरा, बोलत राहा. ऐकू येत असेल," म्हणाले. आम्ही कापसाच्या बोळ्यानं ओठ ओले करत राहिलो, एक बाजू त्यांनी, एक मी. विरेश रात्रीच्या गाडीनं आला, वडिलांच्या पायाशी बसला.

सकाळी उन्हं खोलीत आली तेव्हा अक्का म्हणाल्या, "अडकलाय तो. सांग त्याला, जा म्हणून."

"मी कसं सांगू? तुम्ही सांगा. तुम्ही मोठ्या."

"माझं ऐकणार नाही तो. तुझं ऐकेल." थांबून म्हणाल्या, "मराठीत सांग."

मी यांच्या कानाशी गेले. म्हटलं, "दुकान नीट बंद केलंय. किल्ली माझ्याकडे आहे. विरेशचं सगळं ठीक चाललंय. अक्काही आहेत. मी राहीन. तुम्ही जा."

लगेच काही झालं नाही. उन्हं पलंगाच्या कडेपर्यंत आली, मग एक श्वास बाहेर गेला आणि दुसरा आत आलाच नाही. अक्कांनी कपाळाला विभूती लावली. पदर त्यांच्या बोटांतून मलाच सोडवावा लागला.

आमच्यात माणसाला बसवून नेतात आणि बसवूनच मातीत ठेवतात. खुर्चीत बसवलेले हे दारातून बाहेर गेले तेव्हा अक्कांनी टाहो फोडला. कानडीत, सुरात, त्यांच्या गावच्या बायका रडतात तशा. एकेक आठवण काढायची आणि हंबरडा फोडायचा. सगळी आळी त्यांच्याभोवती जमली. कुणी पाणी दिलं, कुणी पाठ चोळली. मी भिंतीला टेकून कोरडी बसले होते. रडणंही त्यांनी घेतलं, असं माझ्या मनात आलं.

दिवस झाले. विरेश म्हणाला, "आई, आता पुण्याला चल." मी बरं म्हटलं. अक्कांचीही निघायची तयारी झाली. पिशवी भरून झाल्यावर त्या माझ्या खोलीच्या दारात आल्या. एरवी त्या विचारून कधी येत नसत.

"एक मागू काय?"

"मागा की."

"त्याचा एक सदरा दे."

मी कपाट उघडलं, इस्त्रीचा पांढरा सदरा काढून त्यांना दिला. त्यांनी तो नाकाशी नेला आणि परत माझ्या हातात ठेवला.

"साबणाचा वास येतोय याला. तो दे की. आतल्या खुंटीवरचा."

मी कपाटाचं दार लोटून घेतलं. दुकानात शेवटचं गेले त्या दिवशी हे जो घालून गेले होते तो सदरा मी धुतला नव्हता. वार्निशचा, घामाचा, तंबाखूचा वास होता त्याला.

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"बघितलंय मी. रोज दुपारी कपाटात तोंड घालून उभी असतेस."

"तो मिळायचा नाही."

"बाकी सगळं तर तुझंच झालं की. जाता जाता तोही तुझंच नाव काढत गेला."

"आणि तुमच्याकडे नाही काही?" मी म्हटलं. "लहानपणचे ते सगळे तुमच्याकडे आहेत. कधी चालायला लागले, कशाला घाबरायचे, कडेवर घेतलं की काय करायचे. मला त्यातलं काही ठाऊक नाही. मी मागितलं कधी?"

"मागायचंस की! कोण नको म्हणालं असतं?"

आणि तेवढ्यावर मला रडू फुटलं. इतक्या दिवसांचं. अक्का आत आल्या, पलंगावर माझ्या शेजारी टेकल्या, पण मला जवळबिवळ घेतलं नाही त्यांनी. नाक ओढत म्हणाल्या, "कान चावायचा माझा. कडेवर घेतला की कान चावायचा. हा बघ, अजून वण आहे."

मी बघितला. कानाच्या पाळीवर बारीकशी पांढरी खूण होती.

बाहेरून विरेश हाक मारत होता, "आत्या, रिक्षा आलीय!"

अक्का उठल्या. मी पदरानं तोंड पुसलं आणि म्हटलं, "सदरा या घरातून हलायचा नाही, अक्का. वास घ्यायचा असेल तर इथं राहून घ्या."

त्या दारात थांबल्या. "किती दिवस?"

"वास आहे तोवर."

मग बाहेर जाऊन विरेशला म्हणाल्या, "रिक्षा परत पाठव. आणि तू जा पुण्याला. आईला इथं काम आहे."

त्यानंतर अक्का चार वर्षं माझ्याकडे राहिल्या, त्यांचा स्वतःचा श्वास थांबेपर्यंत. आम्ही रोज भांडायचो. सदऱ्याचा वास पहिल्या दोन महिन्यांतच गेला होता. ते मला कळलं होतं, त्यांनाही कळलं होतं. बोललं कुणी नाही.